लहानूभाऊची दुसरी वही

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या सावरटोल्यात हा विषय निघाला की लोक थोडा वेळ लाईटवाल्याला दोष देतात, थोडा वेळ स्टेथोस्कोपला देतात, आणि मग हळूच सगळे माझ्याकडे बघतात.

स्टेथोस्कोप खरा होता. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते आणि मंडईला नाटक असतंच. झाडीपट्टीचं नाटक. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत स्टेज, भोवती कापडाचा घेर, खाली धानाचं तणस, तणसावर बोऱ्या आणि बोऱ्यांवर पाच-सहा गावांची माणसं. कंपनी वडशाहून येते. एखादं लहानसं पात्र मात्र गावातल्या हौशी माणसाला देतात, म्हणजे त्याचे पाहुणे-रावळे तिकीट काढून येतात. त्या वर्षी तो हौशी माणूस मी होतो. सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आणि तिसऱ्या अंकात डॉक्टर. नाटकाचं नाव ‘मायचा अंगठा कोर्टात’. माझी वाक्यं दोन. “अरेरे, मला यायला उशीर झाला,” आणि “यांना आता देवच वाचवू शकेल.” एवढ्यासाठी मी सिस्टरबाईंकडून स्टेथोस्कोप मागून आणला होता आणि पहिल्या अंकापासूनच तो गळ्यात अडकवून विंगेत येरझाऱ्या घालत होतो.

विंगेत लहानूभाऊ बसले होते. लहानू खोब्रागडे, आमच्याच गावचे. या कंपनीचे प्रॉम्प्टर.

प्रॉम्प्टर म्हणजे काय हे झाडीपट्टीबाहेरच्या माणसाला नीट कळायचं नाही. आमच्याकडे सीझनमध्ये नट आज या गावात, उद्या त्या गावात, आणि कधी कधी आज एक नाटक, उद्या दुसरं. पाठांतराला वेळ कुणाला आहे? सगळी मदार विंगेतल्या माणसावर. तो वहीतलं वाक्य हळूच पुरवतो, नट ते उचलतो आणि गर्जतो. आवाज असा लावायचा की तो नटाच्या कानापर्यंत जाईल आणि तिथूनच मागे फिरेल. पहिल्या रांगेला ऐकू गेला तर प्रॉम्प्टर वाईट, नटाला ऐकू गेला नाही तर नट मेला. लहानूभाऊ हे काम सव्वीस वर्षं करत होते आणि पहिल्या रांगेला त्यांचा आवाज माहीत नव्हता.

कंपनीचा हिरो देवराव. छाती मोठी, मिशी मोठी, आवाज त्या दोघांहून मोठा. त्याचा खास गुण असा की कान आणि तोंड यांच्या मधल्या प्रदेशात काहीही अडथळा नाही. कानात शिरलेलं वाक्य वाटेत कुठेही न थांबता तोंडातून बाहेर पडतं. अर्थ असलाच तर तो प्रेक्षकांनी घरी नेऊन बघावा.

पहिल्या अंकाच्या मध्यात लहानूभाऊंच्या पोटात कळ आली. मंडईला गावात सहा घरी जेवणं झालेली. ते मला म्हणाले, “गुरुजी, पाच मिनिटं बसता का? कमचीचा तुकडा ठेवला हाय, तिथून वाचत जा. देवरावले वाक्य देत राहाचं, बस.”

मी बसलो. अभिमानाने बसलो. बसताना स्टेथोस्कोप वहीच्या घडवंचीत अडकला, घडवंची कलंडली, वही खाली पडली, आणि शेजारची लहानूभाऊंची पिशवीही पडली. त्या पिशवीतही एक वही होती. तीही दोनशे पानी, तिलाही खाकी कव्हर, तिच्यातही बांबूच्या कमचीचा तुकडा. स्टेजवर खलनायक देवरावची गचांडी धरून विचारत होता, “बोल! मायच्या अंगठ्याचा कागद कुठे लपवलास?” लाईटवाल्याने विंगेत एकच मिणमिणता बल्ब ठेवला होता; मी हाताला आली ती वही उघडली, कमची काढली आणि वाचलं.

देवराव गरजला, “आज बोडीवर गेलो!”

बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. खलनायकाचा हात सैल झाला. मी पुढचं वाक्य दिलं.

“पाण्यात ढग होता! बैलानं तोंड लावलं तं ढग हालला! बैल पाणी न पेता ढगाकडंच पाहत राह्यला!”

देवरावने हे मूठ आवळून, डोळे लाल करून म्हटलं. खलनायक जुना खेळाडू. त्याला कळेना, पण गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने त्याच्या तोंडपाठ असलेली एकमेव गोष्ट केली. तो “हा हा हा” असं हसला.

आता तुम्ही विचाराल, गुरुजी, तुम्हाला कळलं कसं नाही? खरं सांगू का, मला वाटलं की नाटककाराला अखेर सूर सापडला. तोपर्यंतच्या चाळीस मिनिटांत नाटकात दोन खून, एक घटस्फोट आणि तीन अंगठे होऊन गेले होते. म्हटलं, आता जरा बरं काही लिहिलेलं दिसतंय. मी रंगून वाचू लागलो.

“सकाळी बायना सडा टाकता टाकता गाणं म्हणत होती. मी आलो तं थांबली. मी परत मांगं गेलो. गाणं नाई आलं.”

इथे देवरावचा आवाज आपोआप उतरला. त्या माणसाचा आवाज उतरलेला कंपनीने कधी ऐकला नव्हता. ऑर्गनवाल्याने बोटं उचलली. समोर हजार माणसं, पण तणस वाजल्याचा आवाज नाही.

“माय जाऊन बारा वर्षं झाली. तिचा आवाज आठवत नव्हता. आज तरोट्याची भाजी खाता खाता आठवला. ‘ऊन हाय, फुकून खा’. एवढाच.”

बायकांच्या बाजूला कुणीतरी नाक ओढलं. मग दुसऱ्या कुणीतरी. मग मागून एक आवाज आला, “वन्स मोर!” आणि टाळ्या. देवराव माझ्याकडे बघू लागला, आणि मी पान उलटणार, तेवढ्यात मागून एक हात आला आणि त्याने वही माझ्या हातातून घेतली. ओढली नाही, घेतली. लहानूभाऊ. त्यांनी ती वही पिशवीत ठेवली, खालून नाटकाची वही उचलली, पान काढलं आणि देवरावला पुढचं वाक्य दिलं. नाटक पुन्हा अंगठ्यावर आलं. पुढे माझा डॉक्टर स्टेजवर गेला तेव्हा मी दोन्ही वाक्यं विसरलो होतो. विंगेतून ती अगदी वेळेवर आली. म्हणजे माणूस किती सभ्य बघा.

पहिल्या रांगेत बोरीवर बायनाबाई बसल्या होत्या. लहानूभाऊंची बायको.

*

दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाच्या तरी मोबाईलमधून ती क्लिप चिमूरला पोचली, तिसऱ्या दिवशी सिंदेवाहीला. देवरावला लोक ‘ढगवाला देवराव’ म्हणू लागले आणि तो खूश होता. गावातले लोकही खूश होते. पानठेल्यावर लहानूभाऊ दिसले की कुणीतरी हटकून म्हणायचं, “का गा लहानूभाऊ, पेला का बैल पाणी?” वाईट हेतू नव्हता. आमच्याकडे माणसाचं कौतुक करायचं तर आधी त्याला थोडं छळावं लागतं.

मी चार दिवस त्यांची वाट चुकवली. पाचव्या दिवशी धीर करून घरी गेलो. अंगण सारवलेलं, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, ओसरीत बायनाबाई सूप घेऊन उडीद पाखडत होत्या.

“या गुरुजी,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “भोंगा आणला का सोबत?”

“चुकलं माझं, बायनाबाई.”

“चुकलं तं चुकलं. पण तुमी गुरुजी हाव का भोंगा, हे येकदा सांगून द्या. म्हंजे पोराइले शाळेत पाठवाचं का नाई, ठरवता येते.” सूप दोनदा वाजलं. “सव्वीस वर्षं झाली लगनाले. ह्या माणसानं मले कधी धड येक शब्द नाई म्हटला. भाजी कशी झाली? हव. लुगडं कसं दिसते? हव. पाऊस येईन का? हव. मले वाटे, वहीत नाटकाचे पाट लिवत असन. अन् माह्या गाण्यावर लिवून ठेवलं! अन् ते मले सांगाले कोण आला? देवराव! मिशीवाला! पाच गावाइच्या समोर!”

“मग… आवडलं की राग आला?”

“मले का मालूम?” त्या म्हणाल्या, आणि पदराने नाक पुसलं. उडदाचा भुसा गेला असेल. “गाणं तं बंदच झालं माहं. आता सडा टाकतो तं वाटते, कोणी लिवून राह्यलं.”

मग त्यांनी सूप खाली ठेवलं आणि आवाज बदलला.

“पण तो लिवत नाई आता, गुरुजी. वही सुतळीनं बांधली अन् माळ्यावर टाकली. सीझनमंदी पहाटे कंपनीच्या गाडीतून उतरते, चहा पेते, मांगं बोडीच्या दगडावर जाऊन बसते. आधी तिथी वही घेऊन बसे. येक वाक्य लिवे, दोन लिवे, मंग येऊन झोपे. आता नुसता बसते. अन् मांडीवर बोट फिरवते. मी पाह्यलं ना. लिवल्यासारखं बोट फिरवते, अन् मंग हातानं पुसून टाकते. झोप बी नाई त्याले. तुमी बिघडवलं, आता तुमीच पाहा.”

मुलाचं मोडलेलं खेळणं जोडून देणं मला जमतं, नळाची तोटीही बदलतो. पण इतक्या वर्षांची सवय मोडली तर ती कुठून जोडायची, हे डी.एड.ला शिकवलं नव्हतं.

*

आधी लहानूभाऊंबद्दल थोडं सांगायला हवं. शिक्षण नववीपर्यंत. वडील दुसऱ्याच्या बांधीत रोवणी-कापणीला जायचे, आता लहानूभाऊंची स्वतःची दोन एकर धानाची शेती आहे. मुलगी रिना लग्न होऊन कोरपन्याला असते. त्यांना लहानपणी नट व्हायचं होतं. एकदा शिपायाचं काम मिळालंही. “महाराज, शत्रू वेशीवर आला,” एवढं म्हणायचं होतं. लहानूभाऊंनी ते म्हटलं, पण महाराजांनाच ऐकू आलं नाही. शत्रू न सांगता आला. मॅनेजर म्हणाला, पोरा, तुझा आवाज विंगेच्या पुढे जात नाही, तू विंगेतच बस. ते बसले ते बसलेच. माणसाच्या उणिवेला नोकरी मिळाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

वही कशी सुरू झाली ते त्यांनी मला पुढे सांगितलं. नाटकाच्या वहीत उजव्या पानावर संवाद असतात, डावं पान सूचनांसाठी कोरं ठेवतात. एका गावात लाईट तीनदा गेली. अंधारात बसून करणार काय? लाईट आल्यावर त्यांनी डाव्या पानावर लिहिलं, ‘आज लाईट तीनदा गेली. तिसऱ्यांदा गेली तवा मांगून कोणीतरी लेकराले झोपव म्हणे, अन् सगळेच चूप झाले.’ त्यांना गंमत वाटली. दिवसभर तालमीत दुसऱ्याची वाक्यं, रात्री दुसऱ्याची वाक्यं, हजारो वाक्यं त्यांच्या ओठावरून गेली. त्यातलं हे एक त्यांचं निघालं. दुसऱ्या दिवशी ते वडशाच्या बाजारातून वेगळी वही घेऊन आले.

आणि तीच वही मी देवरावच्या तोंडात घातली होती.

पहिला उपाय मी बाजारू केला. चंद्रपूरला काही कामाने गेलो, तेव्हा गोल बाजारातून एक डायरी आणली. रेग्झिनचं कव्हर, सोनेरी कडा, आत रेशमाची फीत, आणि प्रत्येक पानाखाली सुविचार. आणि मुख्य म्हणजे कुलूप. छोटीशी किल्लीसुद्धा होती. लहानूभाऊंनी ती दोन्ही हातांनी घेतली. पानं चाळली. पाहुण्याच्या लेकराकडे बघावं तसं कौतुकाने बघितलं.

“गुरुजी, यात तं आधीच कोणी लिवून ठेवलं हाय.”

“ते सुविचार आहेत, भाऊ. तुम्ही वरच्या जागेत लिहायचं.”

“रोज येक पान?”

“हो. तारीख छापलेली आहे.”

“अन् ज्या दिवशी काही दिसलं नाई?”

“कोरं सोडायचं.”

“मंग ते पान आपल्या तोंडाकडं पाहत राहीन.” त्यांनी डायरी परत दिली. “राहू द्या. शाळेत पोराइची हजेरी लिवाले चांगली हाय. कुलूप बी हाय.”

दरम्यान गावाने आपल्या परीने मदत चालवली होती. म्हणजे गाव वहीत जायला बघत होतं. नीलाबाई तिची शेळी घेऊन मुद्दाम बोडीच्या पारीवरून, म्हणजे काठाच्या बांधावरून जायची आणि दगडापाशी थांबून सांगायची, “लहानूभाऊ, पाहून घ्या बरं. तीन पिल्लं देल्ले. येक काळं हाय, त्याच्या कानावर पांढरा ठिपका. लिवजा.” इतवारी बुरूड तर एके दिवशी पाण्याच्या कडेला कपाळावर हात ठेवून, आभाळाकडे बघत अर्धा तास उभा. लहानूभाऊंनी विचारलं, काऊन गा इतवारी, डोस्कं दुखते का? तर तो ओठ न हलवता म्हणाला, “तुमी माह्याकडं नोका पाहू. मी नुसता उभा हाव. तुमी लिवा.”

असं झाल्यावर कोण काय लिहिणार? बैलाचं बरं होतं. त्याला माहीत नव्हतं कुणी बघतंय.

*

मग मला दुसरी युक्ती सुचली. म्हटलं, आपणच लिहायला लागू. आपलं वाचून तरी यांचा हात शिवशिवेल. मी दोनशे पानी वही घेतली, खाकी कव्हर घातलं आणि आठवडाभर लिहिलं. रविवारी सकाळी बोडीच्या दगडावर त्यांच्या शेजारी बसून पहिलं पान वाचून दाखवलं.

“‘आज निसर्गाच्या सान्निध्यात मन प्रफुल्लित झाले. विचारांची पाखरे उंच…’”

“थांबा,” लहानूभाऊ म्हणाले. “निसर्ग म्हंजे कोण?”

“म्हणजे हेच. झाडं, पाणी.”

“कोणतं झाड?”

मला झाड आठवेना. मी सान्निध्यात होतो हे नक्की, पण कुणाच्या ते बघायचं राहून गेलं होतं. दुसरं पान काढलं. त्यात मी शाळेतून घरी येताना मला काय वाटलं, ते होतं. तिसऱ्या पानावर मला दुसऱ्या पानाबद्दल काय वाटलं, ते होतं.

“गुरुजी, राग नोका मानू. यात सगळीकडं तुमीच उभे हाव. जरासे बाजूले व्हा ना. मांगचं काही दिसूनच नाई राह्यलं.”

मी बाजूला व्हायला लागलो. म्हणजे रोज सकाळी शाळेआधी त्या दगडावर जाऊन बसायला लागलो. पौष महिना होता. धान निघून गेल्यावर बांध्यांमध्ये लाखोळी पेरतात, ती फुलावर आली होती. निळी, अगदी बारीक निळी. धुकं असलं की फूल दिसायचं नाही, धुक्याच्या बुडाला नुसता निळा रंग पसरल्यासारखा वाटायचा. बोडीचं पाणी आहे की नाही कळायचं नाही. मग कुठून तरी एक पानडुबी, बुड्या मारणारं लहानसं पाखरू, निघायची, तिच्यामागे एक रेघ निघायची, आणि त्या रेघेवरून समजायचं की हे पाणी आहे. गावाकडून कुणाच्या तरी चुलीचा वास यायचा, आणि कोंबडा, आणि हापशाचा आवाज, पण सगळं उशीतून आल्यासारखं. मी लहान असताना चंद्रपुरात आमच्या घरामागे कोळशाच्या गाड्या रात्रंदिवस जायच्या. माझ्या कानाला शांततेची सवय नाही. त्या दगडावर पहिल्या दोन दिवसांत मला झोप लागली, आणि तिसऱ्या दिवशी जागा राहिलो तर झोपेतच आहे असं वाटत राहिलं. आपण बसलोय की आपल्याला कुणी इथे ठेवून दिलंय, कळत नव्हतं. वेळ जात नव्हता, तो पाण्यासारखा तिथेच होता. मध्येच वर्गातली घंटा आठवायची आणि ती मला फार लांबच्या गावातली, दुसऱ्या कुणाच्या लहानपणीची वाटायची.

लहानूभाऊ शेजारी. त्यांचं बोट मांडीवर. फिरायचं, थांबायचं, मग तळहात येऊन पुसून जायचा.

एकदा मी विचारलं, “वाघाबद्दल लिहिलंय का हो कधी?” आमच्या शिवारात त्याची ये-जा असते, परवाच पांदणीत पाऊल उमटलं होतं.

“त्याले कोण नाई पाहत, गुरुजी? त्याच्या मांगं तं जिप्स्या फिरते, दुर्बिणी घेऊन. त्याच्या पाण्यावर यवढा डोळा असते लोकाइचा. त्या पानडुबीले कोण हाय?”

हळूहळू माझ्या वहीत झाडांना नावं आली. एके दिवशी मी वाचलं, “‘बगळा एका पायावर उभा होता.’”

“कोणत्या?”

“कोणत्या काय?”

“पायावर.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बगळ्यासाठी बसलो. तो आला, गाळात उभा राहिला, डावा पाय पोटात घेतला. मी ‘उजव्या’ असं लिहिलं. तेवढ्यात त्याने पाय बदलला. मी खोडून ‘डाव्या’ लिहिलं. त्याने पुन्हा बदलला. लहानूभाऊंच्या खांद्याला हादरे बसत होते. बघतो तर ते हसत होते. हसणंही विंगेतलं, माझ्यापर्यंत येऊन मागे फिरणारं.

“त्याले समजलं तुमी लिवून राह्यले,” ते म्हणाले. “आता तो नाटक करून राह्यला.”

आणि मग हसू ओसरल्यावर, धुक्याकडे बघत, ते स्वतःशीच एक वाक्य बोलले. धुक्याबद्दलच होतं. धुकं कुठून निघतं आणि गावात जाऊन त्याचं काय होतं, याबद्दल. सात-आठच शब्द. ते मला सांगत नव्हते, नटाला वाक्य देतात तसंही ते नव्हतं. ते असंच बाहेर पडलं. माझ्या अंगावर काटा आला, आणि हातात पेन्सिल होती, वही उघडी होती. मी गुरुजी, चांगलं वाक्य दिसलं की उतरवून घ्यायची खोड. मी खाली मान घालून लिहायला लागलो.

त्यांचा हात माझ्या वहीवर आला. या वेळी मात्र वही ओढली.

“ते नोका लिवू.”

“अहो पण फार छान आहे हो, भाऊ. वाया जाईल.”

“नाई. ते माहं हाय.”

त्यांचा आवाज एवढा मोठा झालेला मी कधी ऐकला नव्हता. पलीकडचा बगळा उडाला. नीलाबाईची शेळी पारीवर थांबली. मी खोडरबर काढला आणि ओळ पुसली, दोनदा पुसली, कागद विरेपर्यंत पुसली. वर्गात इतक्या मुलांची इतकी अक्षरं पुसली, पण पुसताना असा आनंद कधी झाला नव्हता. ते वाक्य माझ्या डोक्यात अजून आहे. पण मी ते इथे देणार नाही. देवरावच्या तोंडून पाच गावांनी ऐकली ती तीन टिपणं आता गावाची झाली, त्याला इलाज नाही. हे चौथं त्यांचंच आहे.

ते उठले आणि घराकडे निघाले. एरवी रेंगाळत जाणारा माणूस, त्या दिवशी चालण्यात घाई होती. तोंडातला घोट सांडू नये म्हणून माणूस ओठ मिटून चालतो, तसे.

*

पुढच्या तीन दिवसांत मी तिकडे फिरकलो नाही. फिरकायचं नाही असं ठरवलं होतं. मग चौथ्या दिवशी राहवलं नाही. आधी घरावरून गेलो. बायनाबाई सडा टाकत होत्या. तोंड मिटलेलं होतं, पण मी कोपऱ्यावरून वळलो त्या आधी ते मिटलेलं नव्हतं, अशी मला शंका आहे. मला बघून त्यांनी हातातल्या तांब्यानेच मागच्या बाजूला खूण केली आणि डोळे मोठे केले.

“माळ्यावरची सुतळी मले अंगणात भेटली,” त्या कुजबुजल्या. “मी काही इचारलं नाई. तुमी बी काही इचारू नोका.”

“छे छे. मी कशाला विचारतो?”

“हव, मालूम हाय तुमी कशाले.”

मी चपला हातात घेतल्या आणि पारीवरून गेलो. धुकं अर्धं उठलं होतं. दगडावर लहानूभाऊ बसले होते. मांडीवर बोट नव्हतं. मांडीवर वही होती, खाकी कव्हरची, कोपरे दुमडलेली, आणि ती उघडी होती, आणि पेन्सिल कागदापासून वीतभर वर थांबली होती. समोर पाण्यात काहीतरी बघत होते. मीही बघितलं; मला पाणीच दिसलं.

मी पावलांचा आवाज न करता त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. माझा श्वाससुद्धा मी नटाच्या कानापर्यंतच जाईल एवढा ठेवला. मनात किती भरून आलं होतं म्हणून सांगू! आपण बिघडवलं आणि आपणच दुरुस्त केलं. गुरुजीच्या आयुष्यात असे प्रसंग किती येतात? मला वाटलं होतं, ते माझ्याकडे बघतील, हसतील, कदाचित एखादं वाक्य वाचूनही दाखवतील. पानडुबी निघाली, तिच्यामागे रेघ निघाली, रेघ काठाला लागून विरली. पेन्सिल जिथे होती तिथेच. दुसरी पानडुबी निघाली. मी एकदा हळूच खाकरलो. मग हळूच वहीकडे मान केली. पान कोरं होतं.

बायनाबाईंनी बजावलं होतं. पण पाच मिनिटं झाली, दहा झाली, आणि माझ्याच्याने काही राहवेना.

“काय मग, लहानूभाऊ?” मी अगदी हळू आवाजात, जितक्या मायेने विचारता येईल तितक्या मायेने विचारलं. “लिहिणं पुन्हा सुरू झालं म्हणायचं का?”

त्यांनी पाण्यावरची नजर काढली नाही.

“तुमी घरी जा, मंग लिवतो.”